मुलांना भुताची गोष्ट सांगावी का?

रात्रीची माळ संपली होती. पाच वर्षांच्या नातवाला तहान लागली. स्वयंपाकघर दहा पावलांवर, पण मधल्या खोलीचा दिवा त्या दिवशी गेलेला. पोरगा दारात उभा राहिला आणि पुढे पाऊल टाकीना. सूनबाई म्हणाली, "एवढा घोडा झालास, घाबरतोस काय?" तो हळूच म्हणाला, "तिकडे तो आहे." "तो कोण?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

मी त्याला मांडीवर घेतले आणि सुरुवात केली, "एक होतं छोटं भूत..."

सूनबाईने लगेच मला थांबवले. "पप्पा, आधीच तो घाबरतोय, त्यात तुम्ही भुताची गोष्ट सांगता?"

तिचे चुकले असे मला म्हणता येणार नाही. आमच्या घरातला जुना इतिहास तिने ऐकलेला आहे. तीस वर्षांपूर्वी माझी मुलगी नीट जेवत नसे. मी तिला सांगायचो, "चार घास खा, नाहीतर विहिरीतला बुवा वर येईल." ती घास गिळायची आणि मला वाटायचे, काम झाले. काम खरोखरच झाले होते, पण मला हवे होते ते नव्हे. पुढे कित्येक वर्षे ती संध्याकाळी रहाटाजवळून एकटी गेली नाही. दिवा लावल्याशिवाय झोपली नाही. आज ती दोन मुलांची आई आहे. मध्यंतरी हसत हसत म्हणाली, "पप्पा, अजून विहिरीपाशी आले की माझे पाय आपोआप भरभर पडतात." ती हसली, मला हसू आले नाही.

म्हणून सूनबाईचा प्रश्न मी मनावर घेतला. लहान मुलांना भीतीदायक गोष्टी सांगणे योग्य आहे का? त्यांची अंधाराची भीती अशा गोष्टींनी जाते की वाढते? आपल्या धर्मग्रामात लहान मुले असलेली अनेक कुटुंबे आहेत, आणि माझ्यासारखे आजी-आजोबाही आहेत. म्हणून यावर जरा मोकळेपणाने विचार करू या.

ही भीती येते कुठून?

पुष्कळांना वाटते की भुताखेतांच्या गोष्टींमुळेच मुले अंधाराला भितात. ते पूर्ण खरे नाही. ज्या घरात भुताचे नावही काढले जात नाही, त्या घरातली मुलेही भितात. साधारणपणे दोन-तीन वर्षांनंतर मुलाची कल्पनाशक्ती झपाट्याने वाढू लागते. जे समोर नाही ते त्याला मनात उभे करता येते. ही देवाची मोठी देणगी आहे. याच शक्तीने ते काडीचा घोडा करते आणि चादरीचे घर करते. पण दिवा मालवला की तीच शक्ती दोरीवरच्या सदऱ्याचा माणूस करते. खरे काय आणि मनातले काय, हे वेगळे करण्याची ताकद मात्र सावकाश येते.

त्यात शरीराचाही भाग आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्या डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. सुरुवातीच्या क्षणी मोठ्या माणसालाही काही दिसत नाही. डोळा रिकामा राहिला की मन ती जागा भरून काढते.

तेव्हा भित्रे मूल म्हणजे बिघडलेले मूल नव्हे. त्याला हसणे, चारचौघांत "भागूबाई" म्हणणे, हा अन्याय आहे. भीती त्याने मागून घेतलेली नाही.

शास्त्रातला एक मुलगा

शमुवेलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. देवाच्या मंदिरात झोपलेल्या त्या मुलाला रात्री कोणीतरी नावाने हाक मारतो. तो धावत म्हाताऱ्या एलीकडे जातो. एकदा नव्हे, तीनदा. आपण ती गोष्ट पाचारणाचा धडा म्हणून ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण आजोबा झाल्यापासून माझे लक्ष एलीकडे जाते. तीन वेळा झोपमोड होऊनही तो त्या मुलावर खेकसत नाही. तो म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, नीज. आणि तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात येते की मुलाला नुसते "काही नाही" म्हणून भागणार नाही. मग तो त्याला शब्द देतो. पुन्हा हाक आली तर काय म्हणायचे, ते शिकवतो. आणि मुलाला त्याच अंधारात, त्याच जागी परत पाठवतो. पण आता ते मूल रिकाम्या हाताने जात नाही.

मला वाटते, मुलाच्या भीतीशी कसे वागावे, याचा पुष्कळसा धडा इथे आहे. "तिथे काही नाही" हे वाक्य खरे असते, पण मुलाला ते पुरत नाही, कारण त्याला तिथे काहीतरी वाटत असते. त्याला हवे असतात अंधारात बरोबर नेता येतील असे शब्द. चांगली गोष्ट म्हणजे असेच बरोबर नेता येणारे शब्द.

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन पुढे १९२२ साली कॅथलिक झाले. त्याआधी १९०९ साली निघालेल्या एका निबंधसंग्रहात त्यांनी याच वादावर लिहिले आहे. परीकथांनी मुले घाबरतात म्हणून त्या सांगू नयेत, असे एका बाईंचे म्हणणे होते. चेस्टरटन यांचे उत्तर थोडक्यात असे की, राक्षस मुलाच्या मनात गोष्टीच्या आधीपासूनच असतो. गोष्ट त्याला नवा राक्षस देत नाही, त्या राक्षसाला मारणारा संत जॉर्ज देते.

धमकी आणि गोष्ट

मग माझ्या मुलीचे काय झाले? तिलाही मी बुवाची गोष्टच सांगितली होती ना?

नाही. इतक्या वर्षांनी मला त्यातला फरक कळतो आहे. मी गोष्ट सांगितली नव्हती, धमकी दिली होती. धमकीला शेवट नसतो. विहिरीतला बुवा वर येणार होता, पण पुढे काय, हे मी कधी सांगितलेच नाही. तो तीस वर्षे तिथेच बसून राहिला. धमकीत मूल एकटे असते. सांगणारा मोठा माणूस बुवाच्या बाजूला उभा असतो, कारण बुवाला बोलावणारा तोच. गोष्टीत मूल मांडीवर असते. सांगणारा त्याच्या बाजूला असतो. आणि गोष्ट संपते तेव्हा मूल सुखरूप घरी आलेले असते.

एक फरक तर सर्वांत मोठा आहे. धमकी सांगणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि गोष्ट ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी. मला लवकर जेवण उरकायचे होते म्हणून मी लेकीच्या मनात भीती पेरली. भूत तेच असेल, विहीर तीच असेल, पण कोणासाठी सांगितले यावर पाप-पुण्य ठरते.

संत थॉमस अक्वायनस भीतीचे दोन प्रकार सांगतात. एक दासाची भीती, म्हणजे शिक्षेच्या धाकाने वाटणारी. दुसरी पुत्राची भीती, म्हणजे बापाचे मन दुखावू नये, त्याच्यापासून दूर जाऊ नये म्हणून वाटणारी. तेच संत असेही म्हणतात की धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, भीतीला योग्य मापात ठेवणे. जिथे भ्यायला हवे तिथेही न भिणे, हा त्यांच्या मते दोषच आहे. तेव्हा मुलाची सगळी भीती काढून टाकणे हे आपले काम नाही. साप, विजेची तार, भरलेले बावखल यांची भीती त्याला राहिलीच पाहिजे. भीती वाटत असतानाही दहा पावले चालता येतात, एवढे त्याला शिकवायचे आहे.

पवित्र शास्त्र भीतीदायक गोष्टी टाळत नाही

आपल्या बायबलमधल्या तोबीतच्या ग्रंथाचे पाहा. आपण तो लग्नाच्या मिस्सात ऐकतो, पण ती गोष्ट म्हणून मुलांना क्वचित सांगतो. त्यात एक दुष्ट आत्मा आहे. सारा नावाच्या मुलीच्या सात नवऱ्यांना त्याने लग्नाच्या रात्रीच मारलेले आहे. तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो. वाटेत नदीतून मोठा मासा त्याच्यावर झेपावतो. पण त्याच्याबरोबर एक सोबती आहे, जो राफाएल देवदूत आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि एक कुत्राही आहे, शास्त्रकर्ता त्याला विसरलेला नाही. तोबिया त्या माशाचे काळीज आणि यकृत जपून ठेवतो, निखाऱ्यावर त्याचा धूर करतो, आणि तो दुष्ट आत्मा पळत सुटतो. मग नवरा-बायको उठून प्रार्थना करतात.

चांगल्या भुताच्या गोष्टीत आणखी काय असते? भीतीची जागा आहे, प्रवास आहे, न ओळखलेला सोबती आहे, हातात काहीतरी करण्यासारखे आहे आणि सुखरूप परत येणे आहे. शेवटी आंधळ्या बापाला दृष्टीही मिळते. अंधारातून उजेडात.

शिष्यांचेही तसेच. वादळी रात्री येशूला पाण्यावरून चालत येताना पाहून त्यांना भूत वाटले आणि ती मोठी माणसे ओरडली, असे संत मत्तय लिहितो. पुनरुत्थानानंतर प्रभू त्यांच्यामध्ये उभा राहिला तेव्हाही त्यांना भूतच वाटले, असे संत लूक सांगतो. प्रभूने त्यांची टर उडवली नाही. त्याने आपले हातपाय दाखवले, मला चाचपून पाहा म्हणाला, आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. म्हणजे त्याने उपदेशावर भागवले नाही, जवळ येऊन दाखवले.

छोट्या तेरेजाचे उदाहरण

लिझ्यूच्या संत तेरेजेचा जन्म १८७३ चा. ती चार वर्षांची असताना तिची आई वारली आणि थोरली बहीण पोलीन तिची दुसरी आई झाली. आपल्या आत्मचरित्रात तेरेजा सांगते की पोलीन तिला कधी कधी रात्री एकटीला लांबच्या खोलीतून एखादी वस्तू आणायला पाठवीत असे. हे झाले नसते तर आपण फार भित्र्या झालो असतो, असे ती म्हणते आणि ती देवाची कृपा मानते.

त्याच पुस्तकात तिने लहानपणीचे एक स्वप्न सांगितले आहे. बागेत पिंपावर दोन छोटी भुते नाचत होती. तिला पाहताच तीच घाबरली आणि लपायला धावली. तेरेजेने त्यातून अर्थ घेतला तो असा की, देवाच्या कृपेत असलेल्या जिवाने सैतानाला भिण्याचे कारण नाही, तो एका लहान मुलीच्या नजरेलाही भितो. जिला १९९७ साली ख्रिस्तसभेने धर्मपंडित म्हणून गौरवले, तिच्या बालपणात एक भुताची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत पळाले ते भूत.

असाच अनुभव आजच्या अभ्यासकांनाही आला आहे. २००६ सालच्या युद्धात इस्राएलच्या उत्तर भागातून हलवलेल्या मुलांच्या छावणीत अवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना एक कापडी कुत्र्याचे पिल्लू दिले. हे पिल्लू उदास आहे, घरापासून दूर आले आहे, त्याला कोणी मित्र नाही, तू याची काळजी घेशील का, असे त्यांना विचारले. ज्या मुलांनी ती काळजी मनापासून घेतली, त्यांचा स्वतःचा ताण कमी झालेला दिसला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रात्रीच्या भीतीसाठीही हाच उपाय वापरून पाहिला गेला. आपल्याहून दुबळ्याला सांभाळायला लागले की मूल आपोआप थोडे मोठे होते. हे तर शुभवर्तमानच आहे.

पण हे खोटे बोलणे नव्हे का?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. एका बाजूने आपण अंधश्रद्धा नको म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूने भुताच्या गोष्टी सांगतो?

दाखला खोटा नसतो. उधळ्या पुत्राचे घर कोणत्या गावात होते, असे कोणी विचारत नाही. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा आपण गोष्ट खरी म्हणून खपवतो. "अमक्या चिंचेवर हडळ आहे, माझ्या काकाने पाहिली," असे गंभीर तोंडाने मुलाला सांगणे हे खोटेच आहे, आणि त्या चिंचेखालून मुलाला दहा वर्षे जायचे असते.

मूल विचारणारच, भूत खरेच असते का? तेव्हा सरळ उत्तर द्यावे. गोष्टीतले भूत गोष्टीतच असते, आपल्या स्वयंपाकघरात नसते. मेलेली माणसे देवाच्या हाती असतात, ती कोणाला भिववायला फिरत नाहीत, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. मूल मोठे झाले की हेही सांगावे की, न दिसणारे जग आपण नाकारत नाही. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सगळ्याचा निर्माता एकच आहे, असे आपण श्रद्धासूत्रात दर रविवारी म्हणतो. म्हणूनच न दिसणाऱ्यातही देवाच्या सत्तेबाहेरचे काही नाही.

आणखी काही मर्यादा अनुभवाने सांगतो. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला भुताची गोष्ट नकोच. थोड्या मोठ्याला सांगायची तर जवळ घेऊन सांगावी, आणि झोपायच्या अगदी आधी नव्हे. भूत लहान असावे, जरा वेंधळे असावे. मूल "पुरे" म्हणाले की थांबावे, पण भूत अर्धवट सोडून उठू नये, दोन वाक्यांत गोष्ट सुखाने संपवावी. गोष्टीनंतर एक छोटे काम द्यावे. आज हात धरून ओटीपर्यंत, उद्या बॅटरी घेऊन एकट्याने, परवा बॅटरीशिवाय. मोबाईलवरची भयपटांची दृश्ये ही मात्र गोष्ट नव्हे. त्यात मांडी नसते, आणि "पुरे" म्हटले तर ऐकणारा कोणी नसतो. आणि एखाद्या मुलाची झोप महिनोन् महिने उडाली असेल, ते दिवसाही भीत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात कमीपणा मानू नये. कधी कधी अंधाराची भीती म्हणजे दुसऱ्याच कुठल्या दुःखाचे नाव असते.

देवाला बागुलबुवा करू नका

हे सगळे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. मुलाला गप्प करण्यासाठी आपण आधी बुवा वापरतो, मग पोलीस, मग मास्तर. आणि शेवटी देव. "असे केलेस तर देव शिक्षा करील." "देव वरून बघतोय हं." मीही हे म्हटलेले आहे. म्हणताना वाटले, आपण धर्मशिक्षण देतो आहोत. पण विहिरीतल्या बुवाच्या शेजारी, त्याच अंधारात, मी देवालाही नेऊन बसवले. ज्या मुलाने देवाला अशा जागी पाहिले, त्याने भीतीच्या रात्री कोणाला हाक मारायची?

मोठेपणी चर्चपासून दुरावलेल्या काही माणसांशी बोलताना मला वाटते, ती देवापासून पळालेली नसतात. ती त्या बुवापासून पळालेली असतात.

ख्रिस्तसभा आपल्याला वेगळी रीत शिकवते. पुनरुत्थानाच्या जागरणाच्या रात्री आपण अंधारात जमतो. मुलेही असतात. नवा अग्नी पेटतो, पास्काच्या मेणबत्तीची एकच ज्योत पुढे चालते, आणि तिच्यावरून आपापल्या मेणबत्त्या पेटत जातात. मग वाचने सुरू होतात, आणि ती काही गोडगोड नसतात. अब्राहामाने मुलावर उगारलेला हात आहे, रात्रीचा समुद्र आहे, पाठीवर आलेली फारोची सेना आहे. ख्रिस्तसभा आपल्या लेकरांना वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री भीतीच्या गोष्टी सांगते, पण आधी ज्योत पेटवून आणि आईजवळ बसवून. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपली मुले कबरीवर मेणबत्त्या लावत फिरतात, तेव्हा त्यांना भीती वाटत नाही, हे आपण पाहिलेच आहे. जागा कबरस्तानाचीच असते, पण बोट आईच्या हातात असते.

तर त्या रात्री

सूनबाईला मी म्हटले, "शेवटपर्यंत ऐक, मग बोल." ती बसली.

आमचे छोटे भूत पाण्याच्या पिंपामागे राहत होते, आणि त्याला अंधाराची फार भीती वाटायची. त्याची आई बाजारातून यायची होती. ते मुसमुसत होते. "आता त्याला कोण धीर देणार?" मी विचारले. नातू बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी देतो." "खरंच असतं का ते, आजोबा?" हेही विचारले. "नाही रे, गोष्टीतलं आहे," मी म्हणालो. "मग गोष्टीतलाच धीर देतो," तो म्हणाला.

तो उठला. मधल्या खोलीच्या दारात क्षणभर थांबला. मग अंधारात शिरताना मोठ्याने म्हणाला, "घाबरू नको, मी आलोय."

त्या वादळी रात्री नावेतल्या माणसांना प्रभूनेही असाच धीर दिला होता. पोराला ते माहीत नव्हते. तो तांब्या घेऊन परत आला, निम्मे पाणी वाटेतच सांडले होते. सूनबाईने काही न बोलता फडक्याने पुसले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला आणि विहिरीच्या बुवाबद्दल तिची माफी मागितली. ती आधी हसली, मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येते म्हणाली. ती आली की संध्याकाळी आम्ही दोघे रहाटापर्यंत चालत जाणार आहोत. ती गोष्ट शेवट न करता सोडली होती मी. आता ती पूर्ण करायची आहे.